पी०१७१ आणि पी०३०२ एकदम आलेत, ऑक्सिजन सेन्सर बदलावा का?

सिन्नर_हायवे
नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर, नंतर बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलंय, रनिंग ८० हजारच्या पुढे. रोज नाशिक ते सिन्नर जाणं-येणं. गेल्या आठवड्यापासून चेक इंजिनची लाईट लागलीये, सिग्नलला उभी असली की गाडी थरथरते, हायवेला लागली की बऱ्यापैकी नीट चालते, पिकअप थोडा कमी वाटतो एवढंच. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर दोन कोड निघाले, पी०१७१ आणि पी०३०२. ते म्हणतात ऑक्सिजन सेन्सर गेलाय आणि दोन नंबरची कॉइल पण बदलून घ्या, दोन्ही मिळून आठ हजारांच्या वर सांगितलेत. बदलायला हरकत नाही पण खरंच तेच गेलंय हे कसं कळणार? कोणाला अनुभव असेल तर सांगा, घाईत आहे कारण गाडी रोज लागते.

रिकामा_रस्ता
थांबा थांबा, एवढ्यात काही बदलू नका. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन झालंय, हवा जास्त पेट्रोल कमी. हे इंजिनच्या कॉम्प्युटरला कळलं कुठून तर ऑक्सिजन सेन्सरकडूनच कळलं ना, म्हणजे सेन्सर बोलतोय म्हणून कोड आलाय. सेन्सर स्वतः बिघडला तर सहसा वेगळे कोड येतात, पी०१३० पासून पुढचे, हीटर गेला तर पी०१३५ वगैरे. बिल जास्त आलं म्हणून मीटर बदलण्यासारखं होईल हे.
कोड पुसलेत का गॅरेजवाल्याने? पुसले नसतील तर फ्रीझ फ्रेम वाचा, त्यात कोड लागला त्या क्षणाचे आकडे साठवलेले असतात.

कल्याण_लोकल
बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल अर्धा तास काढून ठेवा, लाईट जाते. माझ्या गाडीची गेली होती.

स्पॅनर१२
कल्याणवाले भाऊ, लाईट जाते पण आजार राहतो. आणि नुसती लाईट जात नाही, फ्रीझ फ्रेम जाते, शिकलेला फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) जातो, म्हणजे आमच्यासारख्या फिटरला बघायला जे काही होतं ते सगळं पुसलं जातं. मी कोल्हापुरात उद्यमनगरला काम करतो, गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं कालपर्यंत लाईट होती आज सकाळी बॅटरी काढली, मग आम्ही काय बघणार? पुन्हा कोड लागेपर्यंत वाट बघत बसायचं. कृपा करून असं कोणी करू नका.

सिन्नरवाले दादा, आता तुमच्याकडं बघू. कोड म्हणजे बदलायच्या पार्टचं नाव नव्हे. कोड एवढंच सांगतो की कुठल्या सर्किटात किंवा कुठल्या कामात गडबड दिसली. शोध त्याच्या पुढं चालू होतो. तुमच्या केसमध्ये दोन कोड एकत्र आलेत ही चांगली गोष्ट आहे, कारण पी०१७१ अख्ख्या इंजिनबद्दल बोलतोय आणि पी०३०२ फक्त दोन नंबर सिलिंडरबद्दल (तिथं मिसिंग होतंय, म्हणजे इंधन नीट जळत नाही), म्हणजे जे काही आहे ते बहुतेक दोन नंबरच्या आसपास आहे. पेट्रोल पंप कमजोर असता, फिल्टर चोक असता तर चारी सिलिंडर उपाशी राहिले असते आणि चढावर, लोड आल्यावर जास्त त्रास दिला असता. तुमची गाडी उभी असताना थरथरते आणि पळताना सुधारते, ही खूण हवेच्या गळतीची. पण टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) टाईट झाले असतील तरी असंच दिसतं, सीएनजीवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजून क्लिअरन्स कमी होतो, तेही डोक्यात ठेवा.

मला हे आकडे हवेत, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, एसी बंद:
शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, पेट्रोलवर आयडलला (गाडी उभी, रेस न देता) आणि २५०० आरपीएमला. तेच पुन्हा सीएनजीवर. आणि फ्रीझ फ्रेम असेल तर ती.

सिन्नर_हायवे
दादा मनापासून धन्यवाद एवढं लिहिल्याबद्दल. माझ्याकडे स्कॅनर नाही, डोंगल घ्यावं लागेल का? कुठलं घेऊ?

रिकामा_रस्ता
ईएलएम ३२७ वाला ब्लूटूथ डोंगल घ्या, हजार-बाराशेपर्यंत बरा मिळतो. अगदी स्वस्तातले जे व्ही२.१ म्हणून विकतात त्यातले बरेच नक्कल असतात, जुन्या गाड्यांच्या के-लाईन प्रोटोकॉलला ते अडखळतात, २०१६ ची गाडी बहुधा कॅन या नव्या प्रोटोकॉलवर बोलते त्यामुळे तुम्हाला अडचण येऊ नये. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला बघून घ्या, साधा ब्लूटूथ आयफोनला जुळत नाही. ॲप टॉर्क किंवा कार स्कॅनर, दोन्हीत ट्रिम दिसतात.
सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, १६ पिनचं. चावी ऑन करून मग ॲप जोडा. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा, १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो, गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.

मडगाव_कार
माझी गाडी २००९ ची आहे, तिलाही लागेल का हे डोंगल?

रिकामा_रस्ता
@मडगाव_कार खात्री नाही देता येत. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड देण्याची यंत्रणा; आपल्याकडे बीएस-४ सोबत ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट तसंच असतं पण आत कंपनीची स्वतःची भाषा असते, साधं ॲप ती वाचेलच असं नाही. ओळखीच्या कोणाचं तरी डोंगल लावून बघा आणि मग पैसे घाला.

न्यू_जर्सीवासी
अवांतर होईल थोडं पण टर्मिनल काढण्यावरून लिहितो. इथे अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ सक्तीचं आहे आणि आमच्या राज्यात गाडीची एमिशन तपासणी सॉकेटमध्ये केबल लावूनच होते. कोड पुसून किंवा बॅटरी काढून कोणी गेलं तर लगेच कळतं कारण रेडिनेस मॉनिटर (कॉम्प्युटरने स्वतः करायच्या तपासण्या) सगळे अपूर्ण दिसतात, कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, इव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) असे प्रत्येकाचे मॉनिटर पूर्ण व्हायला गाडी वेगवेगळ्या वेगात चालवावी लागते, आणि २००१ पासूनच्या पेट्रोल गाडीला एकच मॉनिटर अपूर्ण चालतो. शिवाय २०१० च्या सुमारापासूनच्या गाड्यांत पर्मनंट कोड असतो, तो स्कॅनरने पुसला जात नाही, दोष खरोखर गेल्याची खात्री कॉम्प्युटरला झाली की मगच जातो. भारतात पीयूसीवाला पाईपात प्रोब घालून धूर मोजतो, कोड वाचत नाही, म्हणून लाईट लागलेली गाडी पण पास होऊन येते आणि लोकांना वाटतं सगळं ठीक आहे.

सह्याद्री_ताई
वाचतेय. एक प्रश्न, लाईट नुसती लागलेली असेल तर किती दिवस चालवली तर चालते? माझी कधी कधी लुकलुकते पण.

स्पॅनर१२
ताई, हे नीट वाचा. स्थिर लाईट असेल, गाडी नीट ओढत असेल, गरम होत नसेल आणि ऑइलची लाल लाईट नसेल तर दोन-चार दिवसांत दाखवा, चालतं. पण लाईट लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तिथं पेट घेतंय. कन्व्हर्टर आतून वितळतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, नवीन घ्यायला गेलात तर किंमत ऐकून बसाल. लुकलुकली की रेस कमी करा, बाजूला घ्या, शक्य असेल तर टो करून न्या. तुमची कधी कधी लुकलुकते म्हणजे आजच प्लग आणि कॉइल बघून घ्या, उद्यावर टाकू नका.

सिन्नर_हायवे
डोंगल आलं, आकडे घेतले. गॅरेजवाल्याने कोड पुसले नव्हते, फ्रीझ फ्रेम पण मिळाली.

फ्रीझ फ्रेम (पी०१७१ ची): आरपीएम ७८०, वेग ०, कूलंट ८८ अंश, शॉर्ट टर्म +११, लाँग टर्म +१९
पेट्रोल, आयडल: शॉर्ट +६, लाँग +२१
पेट्रोल, २५०० आरपीएम: शॉर्ट +१, लाँग +६
सीएनजी, आयडल: शॉर्ट +९, लाँग +२१, थरथर जास्त
सीएनजी, २५०० आरपीएम: शॉर्ट +२, लाँग +६
पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.८ मध्ये खालीवर होतंय, २५०० ला तर पटापट होतंय.

हे वाईट आहे का?

रिकामा_रस्ता
सेन्सर जिवंत आहे. मेलेला सेन्सर असा नाचत नाही, एका जागी चिकटून बसतो. आठ हजारातला मोठा भाग तर इथेच वाचला बघा.

स्पॅनर१२
लय छान आकडे घेतलेत दादा. आता बघा, ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी घालतोय ते. अधिक-उणे १० च्या आत असेल तर आम्ही शक्यतो छेडत नाही. तुमचं आयडलला दोन्ही मिळून २७ टक्के आणि रेस दिली की ७. म्हणजे फ्रीझ फ्रेममध्ये जे होतं तेच आजही आहे, उभ्या गाडीला. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद, मॅनिफोल्डमध्ये ओढ जबरदस्त, त्यामुळं कुठं बारीक भोक असेल तरी एकूण हवेच्या मानानं तिथनं बरीच हवा आत जाते. रेस दिली की थ्रॉटलमधनंच भरपूर हवा येते, मग त्या भोकाचं महत्त्व राहत नाही.

एक बारकावा सांगतो जो बऱ्याच व्हिडिओत सांगत नाहीत. ज्या गाडीत हवा मोजायला मास एअर फ्लो सेन्सर आहे तिथं कुठंही गळती झाली तरी ट्रिम वर जातो कारण ती हवा मोजलीच जात नाही. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र मॅप सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, मग कॉमन भागात गळती झाली तर दाब वाढतो, कॉम्प्युटर त्या हिशोबानं पेट्रोल वाढवतो आणि ट्रिम फारसा हलत नाही, फक्त आयडल चढतो. तुमच्या गाडीत मॅप असूनही ट्रिम एवढा चढलाय आणि सोबत पी०३०२ आहे, म्हणजे गळती एकाच सिलिंडरच्या नळीत आहे. जादा हवा फक्त दोन नंबरला, पेट्रोल मात्र चौघांना सारखं. दोन नंबर लीन होऊन मिसिंग मारतोय, त्याचा न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत येतोय आणि कॉम्प्युटर चौघांचं पेट्रोल वाढवतोय.

आणि दोन नंबरच्या नळीत बाहेरचं भोक कोणी पाडलंय? सीएनजी किटवाल्यानं. किट बसवताना प्रत्येक रनरला (सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या नळीला) ड्रिल मारून नोझल बसवतात आणि गॅसच्या रेलपासून (जिथं गॅसचे इंजेक्टर असतात) नोझलपर्यंत रबरी नळी. ती नळी उष्णतेनं कडक होते, क्लॅम्पजवळ चिरते. आधी तिथं बघा.

पण त्याआधी दोन फुकटातल्या टेस्ट: दोन नंबरची कॉइल तीन नंबरला टाका, तीनची दोनला. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली, पी०३०२ च राहिला तर कॉइल सुटली संशयातनं. मग तसंच प्लगचं करा. सीएनजीला स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज लागतं म्हणून कमजोर प्लग आधी सीएनजीवरच उघडा पडतो.

कल्याण_लोकल
कार्ब क्लीनर मारून बघायचं ना नळ्यांवर, आरपीएम बदललं की गळती तिथेच.

स्पॅनर१२
पेट्रोल गाडीवर लोक करतात, पण एक्झॉस्ट तापलेला असतो, त्यात सीएनजीची गाडी, मी कोणाला घरी करायला सांगणार नाही. साबणाच्या पाण्याचं पण नीट समजून घ्या. इंजेक्टरच्या आधी, म्हणजे रेग्युलेटर ते रेल, तिथं गॅसचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो, तिथं गळती असेल तर बुडबुडे येतात. इंजेक्टरच्या पुढं नोझलपर्यंत आयडलला मॅनिफोल्डची ओढ असते, तिथं बुडबुडे येत नाहीत, उलट पाणी आत ओढलं जातं. त्यामुळं बुडबुडे नाहीत म्हणून गळती नाही असं समजू नका. स्मोक टेस्ट करा, इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये धूर भरतात आणि जिथनं बाहेर येतो ते दिसतं. आणि बोनेटजवळ गॅसचा वास आला तर काही टेस्ट करायची नाही, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पेट्रोलवर गॅरेजला या. टाकीत २०० बारचा दाब असतो.

सांगली_डिझेल
मध्येच विचारतो, माफ करा. बीएस-६ डिझेल आहे, पी२४६३ येतोय, शोरूमवाले म्हणतात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) बदलावा लागेल, काही लोक म्हणतात काढूनच टाका. काय करू?

रिकामा_रस्ता
काढून टाकणं हा पर्यायच नाही, बेकायदेशीर आहे आणि ती काजळी शेवटी आपल्याच गावातल्या पोरांच्या छातीत जाते. पी२४६३ म्हणजे काजळी साठलीये एवढंच, फिल्टर फुटलाय असं नाही. तुमचं चालवणं कसं आहे? छोटे छोटे फेरे, बाजारातून घरी?

सांगली_डिझेल
हो, दुकान ते घर, फार तर मिरजेपर्यंत.

स्पॅनर१२
मग तेच कारण. काजळी जाळायला फिल्टरमध्ये साधारण ५५० ते ६०० अंश तापमान लागतं, ते शहरातल्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये होत नाही, रिजनरेशन (काजळी जाळून फिल्टर साफ करणं) चालू होतं आणि तुम्ही घरी पोचून चावी बंद करता. असं अर्धवट झालं की जादा मारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढली असेल तर आधी ऑइल बदला. मग मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणं हायवेला सलग वीस-पंचवीस मिनिटं, ६० च्या वर, गिअर एक खाली ठेवून चालवा. त्यानं नाही गेलं तर स्कॅनरनं फोर्स्ड रिजनरेशन करतात. त्यानंतरही दाबातला फरक कमी झाला नाही तर आधी डिफरेन्शियल प्रेशर सेन्सर आणि त्याच्या दोन नळ्या तपासायला सांगा, एखादी नळी चिरली किंवा चोक झाली तरी आकडा खोटा येतो. डीपीएफ बदलणं सगळ्यात शेवटी. वेगळा धागा काढा, तिथं आकडे टाका, बघू.

सिन्नर_हायवे
अपडेट देतो. कॉइल अदलाबदल केली, कोड पी०३०२ च राहिला. प्लग पण फिरवले, तरी तेच. मग दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गेलो जिथे स्मोक मशीन आहे. त्यांनी आधी कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडर १७० ते १८० पीएसआयच्या मध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक आहेत म्हणाले. मग धूर भरला आणि दोन नंबरच्या नोझलवर क्लॅम्पच्या खालून धूर आला, नळी खालच्या बाजूने चिरलेली, वरून बघितलं तर काहीच दिसत नव्हतं. चारही नळ्या आणि क्लॅम्प बदलले, मजुरी स्मोक टेस्ट सगळं धरून दोन हजारांच्या आत. कॉइल, सेन्सर काही नाही. थरथर गेली, सीएनजीवर सुद्धा.
आता पेट्रोलवर आयडलला लाँग टर्म +५, २५०० ला +४. स्पॅनर दादा तुमच्यामुळे झालं हे, खरंच.
पण +५ अजून आहेच, काही राहिलंय का?

स्पॅनर१२
चौघी नळ्या एकदम बदलल्या हे बरोबर केलं, एक चिरली म्हणजे बाकीच्या तेवढ्याच जुन्या. +५ बद्दल काळजी करू नका.

रिकामा_रस्ता
+५ चं एक कारण पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये आहे. शुद्ध पेट्रोलला एक किलो जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच लागते कारण त्याच्यात ऑक्सिजन आधीच आहे. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त घालावं लागतं, आणि गाडी १० टक्के मिश्रणाच्या हिशोबाने ट्यून केलेली असेल तर कॉम्प्युटर तो फरक ट्रिममध्येच भरून काढतो, चार-पाच टक्के सहज. माझ्या स्वतःच्या गाडीत पूर्वी शून्याच्या आसपास असायचा तो आता +४ वर स्थिर आहे आणि गाडी उत्तम चालते. दोष शोधताना म्हणूनच आधी निरोगी गाडीचे आकडे लिहून ठेवावेत, गाडी बरी असतानाच आयडल आणि २५०० चे ट्रिम एकदा नोंदवा.

सह्याद्री_ताई
माझ्या लुकलुकणाऱ्या लाईटचं कळवते. पी०३०४ होता. चार नंबरच्या कॉइलची वायर उंदराने कुरतडलेली निघाली, इन्सुलेशन गेलेलं. वायर जोडून स्लीव्ह घातली. आता बोनेटमध्ये तंबाखूची पानं टांगून ठेवलीत, शेजारचे काका म्हणाले म्हणून, उपयोग होतो का?

स्पॅनर१२
ताई तंबाखूनं थोडे दिवस होतो, वास उडाला की उंदीर परत येतो. खालून जाळी बसवून घ्या, आणि गाडी एकाच जागी कचऱ्याजवळ लावत असाल तर जागा बदला. पावसाळ्यात उंदीर गरम इंजिनवर येऊन बसतात. जोड सोल्डर करून हीटश्रिंक लावलाय ना? नुसती टेप लावली असेल तर पावसात पाणी शिरेल आणि तोच कोड परत येईल.

सह्याद्री_ताई
टेपच लावलीये त्यांनी. उद्या परत नेते.

सिन्नर_हायवे
कोड मी पुसावे की आपोआप जातील?

स्पॅनर१२
आता पुसा, हरकत नाही, दुरुस्ती झालीये आणि आकडे तुमच्याकडं लिहिलेले आहेत. नाही पुसलेत तरी तीन ड्राइव्ह सायकल नीट गेल्या की लाईट जाते, आणि साधारण ४० वॉर्म-अप सायकलनंतर कोड मेमरीतनं जातो. पुसल्यावर आठवड्याभरानं ॲपमध्ये पेंडिंग कोड एकदा बघा, दोष परत येत असेल तर लाईट लागायच्या आधी तिथं दिसतो. आणि सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं टाकीची तपासणी) दर तीन वर्षांनी असते, तुमचं किट कधीचं आहे ते प्लेटवर बघून घ्या, नळ्या एवढ्या कडक झाल्यात म्हणजे तारीख जवळ आली असेल.